आठशे खऱ्या सह्या

केंडल, ४ मार्च १७७७

ति. ब्रिजेटताई हीस,

टॅबिथाचा सा. न. वि. वि. इकडे मी, दुकान आणि मांजर, तिघंही धडधाकट आहोत.

तुझं पत्र पोचलं. टपालाचे पैसे मला भरावे लागतात म्हणून दया करून तू एकाच कागदावर आधी आडवं लिहिलंस आणि मग त्याच ओळींवरून उभं लिहिलंस. त्यामुळे निम्मं पत्र मी वाचलं आणि निम्मं तर्काने लावलं. दाजींचा दात काढला की दार काढलं, ते काही कळलं नाही. पुढच्या वेळी दुसरा कागद घे. मी भरीन पैसे.

तू माझी पाककृतींची वही गॉडबोल्डसाहेबांच्या दुकानात नेऊन दिलीस, त्याचं फळ आलं. ते पुस्तक छापताहेत. तसं त्यांचं तीन पानी पत्र आलंय. त्यातली दोन पानं उपदेशाची आहेत. पुस्तकावर ‘एका कुलीन स्त्रीने लिहिलेले’ असं घालावं म्हणे. मी कळवलं की मी कुलीन नाही, थॉर्नबी हॉल या हवेलीची कारभारीण होते, आता खाद्यपदार्थांचं दुकान चालवते. मग म्हणे, नुसतं ‘एका बाईकडून’ घालू, बायकांना विनय शोभतो.

ताई, त्या वहीत चारशे बारा कृती आहेत आणि त्यातली एकही मी तीनदा करून पाहिल्याशिवाय लिहिलेली नाही. एकवीस वर्षं पाहुणे जेवून उठायचे, बाईसाहेबांच्या टेबलाची तारीफ करायचे, बाईसाहेब मान लववायच्या आणि मी किल्ल्यांचा जुडगा हातात धरून दाराआड उभी असायचे. माझी तक्रार नाही. मला पगार मिळत होता. पण हे पुस्तक मी पगारावर लिहिलेलं नाही. मी त्यांना साफ कळवलं की ‘टॅबिथा ऑरेल’ हे पूर्ण नाव छापणार असाल तर छापा, नाहीतर वही परत पाठवा.

मानलं त्यांनी. फक्त एक अट घातली. पाककृतींची पुस्तकं चोरून छापणारे फार झालेत. म्हणून हल्ली लेखिकेने प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने सही करायची, आणि या सहीवाचून प्रत खोटी समजावी असं पुस्तकातच छापायचं, असा रिवाज पडलाय. आठशे प्रती. खरं सांगू, ही अट मला आवडली. तेव्हा पहिला फर्मा, म्हणजे पहिल्या पानांचा न दुमडलेला मोठा कागद, छापून झाला की त्यांनी तो गाडीने इकडे पाठवावा, असं त्यांना बजावून ये. सरोवरातल्या माशांचा हंगाम चालू आहे, जावित्री-लोण्यात मुरवून भरलेली भांडी रोज बाहेर पडताहेत. एप्रिल संपेपर्यंत मला दुकान सोडता येणार नाही.

दाजींना नमस्कार. माया आहे ती पत्र वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात असावी, ही विनंती.

तुझी,
टॅबिथा


लंडन, लिटल ब्रिटन, २६ एप्रिल १७७७

चि. टॅबिथा हिस,

ताईचे अ. उ. आ. दात काढला. दार जागेवर आहे.

आता जे सांगणार आहे ते बसून वाच. दुकानात गिऱ्हाईक असेल तर ते गेल्यावर वाच.

तुझ्या पुस्तकाचे फर्मे बांधणीला आमच्याकडेच आलेत. पहिला फर्मा केंडलला पाठवा म्हणून मी गॉडबोल्डसाहेबांना तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी ते स्वतः कारखान्यात आले, घड्या घालणाऱ्या बायकांच्या मधोमध उभे राहिले आणि मला हिशेब समजावायला लागले. गाडीला जायला अठरा दिवस, यायला अठरा दिवस, आणि लँकेशरच्या चिखलात गाडी कलंडली तर परमेश्वरच मालक. जूनमध्ये बडी घराणी लंडन सोडून गावी जातात, मग पुस्तक काय मी उंदरांना विकू, असं विचारलं त्यांनी. तेवढ्यात मी गठ्ठ्यावर लिहिलेला तुझा पत्ता त्यांना दिसला. हे वळणदार अक्षर कोणाचं म्हणाले. माझं म्हटलं. मग हसून म्हणाले की बाई, तुम्हीही जन्माने ऑरेलच ना, मग यात खोटं ते काय. आणि शाईची दौत माझ्यापुढे सरकवली.

टॅबी, मी नाही म्हणायला हवं होतं. मी दोनदा म्हटलंही. पण नॅटच्या कारखान्यातलं निम्मं काम या माणसाकडून येतं आणि ते तिथून हलायला तयार नव्हते.

मी आठशे सह्या केल्या. तीन दिवस लागले. लग्नानंतर बावीस वर्षांत ऑरेल हे आडनाव मी एकदाही लिहिलं नव्हतं. पहिल्या पंधरा-वीस सह्या अडखळत झाल्या, मग हात आपोआप वळायला लागला. बाबा पाटीवर गिरवून घ्यायचे तसा. आमच्याकडची म्हातारी पेग घड्या घालते, तिला अक्षर वाचता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी तीही मला सांगायला लागली की बाई, या नावाचा पाय वाकडा आलाय, हे दुसरं घ्या. अंगठा अजून सुजलेला आहे. नॅट म्हणतो, आता नवऱ्याला जेवायला वाढताना तरी मिसेस क्रिब हो.

रागावशील हे माहीत आहे. रागावून झालं की कळव. तोवर आशीर्वाद चालूच आहेत.

तुझी ताई,
ब्रिजेट


केंडल, ३ मे १७७७

ति. ब्रिजेटताई हीस,

सा. न. वि. वि.

बसून वाचलं. नंतर उठले, आल्याच्या बिस्किटांची कणीक अशी तिंबली की ती बिस्किटं विकायच्या लायकीची राहिली नाहीत.

कारखान्यातलं निम्मं काम त्यांच्याकडून येतं, हे मी समजू शकते. तू दोनदा नाही म्हणालीस, हेही खरं मानते. पण तो माणूस तिसऱ्यांदा विचारणार हे तुला माहीत होतं आणि मला पत्र टाकायला तुझ्याकडे वेळ होता. ताई, कृती मी लिहिल्या तरी जुळवल्या दुसऱ्याने, छापल्या तिसऱ्याने, बांधताहेत दाजी. त्या अख्ख्या पुस्तकात माझा हात लागेल अशी एकच जागा होती. बोटभर जागा. तीही गेली. आणि वर त्याच पानावर छापलंय की ही सही लेखिकेने स्वहस्ते केली आहे. माझ्या पुस्तकातलं पहिलंच वाक्य खोटं.

लहानपणीही हेच. बाबांनी मला पाटी दिली की तू म्हणायचीस, दे इकडे, तुझा ऑरेलच्या सुरुवातीचा गोल ‘ओ’ उघडाच राहतो. राहतो उघडा. माझा आहे तो.

झालं ते झालं. आता एवढं कर. माझ्या दुकानासाठी पन्नास प्रती सहीविना पाठव. निदान केंडलमध्ये जे पुस्तक विकलं जाईल त्यावर माझी सही असेल. आणि अंगठ्याला बदकाची चरबी गरम करून लाव, कृती क्रमांक तीनशे ऐंशी. तुझ्याकडे आठशे प्रती आहेत, एखादी उघडून बघ.

राग आहे. लोभ त्याच्या खाली आहे, तो तिथेच असू द्यावा.

टॅबिथा


लंडन, २४ जून १७७७

चि. टॅबिथा हिस,

अ. उ. आ. चरबीने बरं वाटलं. आठशेच्या वर छापलेल्या जादा फर्म्यांतून पन्नास प्रती सहीविना, मेणकापडात बांधून, परवाच्या गाडीने निघाल्या. गाडीवाल्याला नॅटने दम दिलाय.

तुझं पुस्तक चाललंय. सहा आठवड्यांत साडेचारशे प्रती गेल्या. एका सरदारीणबाईंनी तीन घेतल्या. एक स्वतःला, एक स्वयंपाकिणीला आणि एक कुलूप लावून ठेवायला, कारण पहिली स्वयंपाकीण पुस्तक घेऊन नोकरी सोडून गेली. गॉडबोल्डसाहेब आता तुझं लग्न न लावताच तुझा उल्लेख आपल्या मिसेस ऑरेल असा करतात. विनयाचं नाव काढत नाहीत.

आणि चोर जागे झाले. उत्तरेकडच्या कुठल्याशा छापखान्यातून तुझंच पुस्तक पिवळ्या कागदावर निघालंय, वर कोणीतरी सहीही ठोकलीय. गॉडबोल्डसाहेबांच्या कपाळाची शीर अशी उडत होती की नॅटने त्यांना खुर्ची दिली. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा: खरी सही तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतली, तिचे कागद छापले आणि राज्यातल्या प्रत्येक पुस्तकवाल्याकडे रवाना केले. दुकानाच्या दारावर लावायचे आणि गिऱ्हाइकाने घेण्याआधी सही ताडून पाहायची.

कोरलेली सही अर्थातच माझी आहे. मला जरा कसंतरी झालं. पण अख्ख्या इंग्लंडात तुझं नाव दारादारांवर लागलंय, हेही खरं. बाबा असते तर प्रत्येक दारापुढे टोपी काढून उभे राहिले असते.

मासे पाठवलेस ते पोचले. नॅटने भांडं बोटाने पुसून काढलं.

आशीर्वाद आहेतच, ते मोजून घेऊ नयेत.

ब्रिजेट


केंडल, १५ सप्टेंबर १७७७

ति. ब्रिजेटताई हीस,

सा. न. वि. वि. हे पत्र दोन कागदांवर आहे. पैसे तू भर.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ब्रेथवेट कागदवाल्याचं दुकान आहे. त्याच्या दारावर तो कोरलेल्या सहीचा कागद ऑगस्टमध्ये लागला. पहिल्या आठवड्यात मला अभिमान वाटला. दुसऱ्या आठवड्यात चर्चजवळच्या एक बाई माझ्याकडून घेतलेली प्रत घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या की मिस ऑरेल, यावरची सही दारावरच्या सहीसारखी नाही. मी हसून म्हटलं, कारण ही माझी आहे. त्या हसल्या नाहीत. बाजाराच्या दिवशी चौघी आल्या. मग ब्रेथवेट स्वतः आला. सगळ्या गिऱ्हाइकांपुढे मोठ्याने म्हणाला की त्याच्याकडच्या प्रती लंडनहून आलेल्या, अस्सल, आणि इथे मात्र चोरीचा माल विकला जातोय.

गेल्या मंगळवारी मॅजिस्ट्रेटसाहेबांचे कारकून मिस्टर डॉकरे आले. सभ्य माणूस आहे. म्हणाले, बाई, साधी गोष्ट आहे, माझ्यासमोर नाव लिहा म्हणजे मिटलं. मी लिहिलं. त्यांनी खिशातून तो कागद काढला, दोन्ही शेजारी ठेवले, चष्मा पुसला, परत पाहिलं. आणि फार हळुवारपणे मला सांगितलं की ही टॅबिथा ऑरेलची सही नाही.

ताई, मी त्यांना सगळं खरं सांगितलं. माझ्या बहिणीने लंडनमध्ये सह्या केल्या असं म्हटलं. ते म्हणाले, मग तुमच्या म्हणण्याप्रमाणे खऱ्या आठशे सह्या खोट्या आणि या पन्नास तेवढ्या खऱ्या. मी म्हटलं हो. यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझंच बोलणं खोटं वाटायला लागलं. उरलेल्या एकोणतीस प्रती ते घेऊन गेले. नाताळानंतरच्या न्यायसभेत मला उभं राहायचंय, दुसरीच्या नावाने नकली माल विकल्याबद्दल.

त्यांनी थॉर्नबी हॉललाही विचारणा केली. बाईसाहेबांनी उत्तर दिलं की त्या पाककृती घराण्याच्या आहेत, कारभारणीला पुस्तक लिहिता येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं आणि अजूनही वाटत नाही.

आज दुकानात तीन गिऱ्हाइकं आली. त्यातलं एक पत्ता विचारायला.

तू गॉडबोल्डसाहेबांकडे जा आणि वर्तमानपत्रात खरं काय ते छापायला लाव. दुसरं काही मला नको.

लोभाचं पुढे बघू. आधी उत्तर पाठव.

टॅबिथा


लंडन, २९ सप्टेंबर १७७७

चि. टॅबिथा हिस,

अ. उ. आ. पत्र आल्या दिवशीच मी गेले होते. आणखी दोनदा गेले.

ते ऐकत नाहीत. म्हणतात, आठशे लोकांना अस्सल म्हणून विकलेली सही लेखिकेची नव्हती असं मी छापलं, तर उद्या सकाळी आठशे लोक दारात उभे राहतील आणि त्यांच्यामागे तो पिवळ्या कागदाचा चोर हसत उभा राहील. मी म्हटलं, माझ्या बहिणीला कोर्टात उभं करताहेत. त्यावर त्यांनी जे सुचवलं ते सांगायला मला लाज वाटते. मी माझ्या सहीचा एक कित्ता लिहून द्यायचा आणि तू तो गिरवून माझ्यासारखी सही शिकायचीस. मग न्यायसभेत सगळ्यांसमोर तशी सही केलीस की झालं. आधी थंडीने हात आखडला होता म्हणून सांगायचं. कित्ता सोबत जोडला आहे. मी त्यांच्यासमोर लिहिला, टॅबी. परत नाही म्हणता आलं नाही.

मीच जाऊन शपथेवर सांगावं, असं नॅटला म्हटलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्याची सही केल्याबद्दल याच शहरात माणसं फासावर जातात, गेल्या वर्षी आपण दोघांनी ती फाशीची गाडी जाताना पाहिली होती, असं म्हणाला. हुंड्यांवरच्या सह्या होत्या त्या, मी म्हटलं. तो म्हणाला, सही ती सही, आणि मॅजिस्ट्रेटला स्वयंपाकातलं काय कळतं. रात्रभर दोघांनाही झोप नाही.

आणखी एक सांगायचंय. ते मी नॅटलाही सांगितलेलं नाही. जुलैमध्ये गॉडबोल्डसाहेबांच्या दुकानात एका बाईंनी मला एका प्रतीवरची पुसट झालेली सही पुन्हा करताना पाहिलं. म्हणाल्या, म्हणजे मिसेस ऑरेल तुम्हीच. मी गप्प राहिले. त्यांनी मला चहाला नेलं. सहा बायका होत्या, माझ्याभोवती बसून विचारत होत्या, मी उत्तरं देत होते. तुझ्या पत्रांमुळे मला सगळं येतंच. टॅबी, आयुष्यात पहिल्यांदा मी बोलताना कोणी मधेच उठून गेलं नाही. दुसऱ्या वेळी बोलावलं तेव्हाही मी गेले.

आता माझ्याबद्दल काय वाटेल ते वाटून घे. आशीर्वाद द्यायला माझं तोंड नाही, तरी देते.

ब्रिजेट


केंडल, ८ ऑक्टोबर १७७७

ति. ब्रिजेटताई हीस,

सा. न. वि. वि.

चहाचं वाचून मी दोन दिवस पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर जाळावं लागलं असतं. तुला निदान विचारलं का की गूजबेरीच्या मुरांब्यात साखर किती? आणि तू बरोबर सांगितलंस का? एवढं जरूर कळव, कारण चूक झाली तर नाव माझं जाईल.

पण त्या आधी मी दाजींचं म्हणणं तीनदा वाचलं. फासाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी इथे बसून माझं नाव, माझी बोटभर जागा करत होते. तू शपथेवर काही सांगू नकोस. गॉडबोल्डकडेही परत जाऊ नकोस. मी इथल्या वकिलाला विचारणार होते, पण विचारलं की गावभर होईल.

कित्ता गिरवला. सोबत कागद जोडलाय, बघ. पहिल्या तीन ओळी माझ्यासारख्या आल्या, चौथीपासून तुझ्यासारख्या यायला लागल्या. सहाव्या ओळीत ‘ओ’ बंद झाला. शेवटच्या दोन ओळी तू लिहिलेल्या नाहीत हे दाजींनाही ओळखता येणार नाही. जानेवारीपर्यंत पक्कं होईल. थॉर्नबी हॉलमध्ये एकवीस वर्षं दुसऱ्याचं नाव चाललंच होतं. निदान हे तुझं तरी आहे.

दुकानासाठी मी नवीन वजनकाटा घेणार होते तो राहू दिला. बाकी ठीक.

लोभ पूर्ववत आहे. तो कमी झाला नव्हता, फक्त मी सांगत नव्हते.

टॅबिथा


लंडन, १९ ऑक्टोबर १७७७

चि. टॅबिथा हिस,

अ. उ. आ.

तुझा कागद मी उलगडला आणि मला वाटलं, मीच केव्हातरी लिहून विसरले. पेगला दाखवला. तिने बोट ठेवून सांगितलं की वरच्या तीन बाईंच्या बहिणीच्या, खालच्या बाईंच्या. वाचता न येणाऱ्या बाईला दिसलं की तू चौथ्या ओळीपासून नाहीशी होतेस. मी शाल घेतली आणि निघाले. नॅटने विचारलं कुठे. मी सांगितलं. त्याने कातडं शिवायची सुई खाली ठेवली, हात धुतले आणि माझ्याबरोबर आला.

मॅजिस्ट्रेटपुढे मी सगळं सांगितलं. आठशे सह्या, तीन दिवस, दौत कोणी सरकवली, कित्ता कोणी मागितला. चहासुद्धा सांगितला. नॅट शेजारी उभा होता, त्याला ते तिथेच पहिल्यांदा कळलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, सही कसल्या कागदावर, हुंडी की मृत्युपत्र. मी म्हटलं, पाककृतींच्या पुस्तकावर. त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग जवळजवळ रागावून म्हणाले की बाई, याला फास नाही, पण माझी अर्धी सकाळ गेली. मी एवढी रडले की त्यांनी पाणी मागवलं.

प्रतिज्ञापत्र तयार झालं. खाली मी ‘ब्रिजेट क्रिब’ अशी सही केली. त्याची एक प्रत मिस्टर डॉकरेंना गेली, एक माझ्या हट्टाने वर्तमानपत्राला.

गॉडबोल्डसाहेबांनी काल माणूस पाठवून आपले सगळे फर्मे कारखान्यातून उचलून नेले. निम्म्या बायकांना आज काम नव्हतं. नॅट म्हणतो, कायद्याच्या पुस्तकांची बांधणी मिळेल, कातडं घाणेरडं असतं, पण वकिलांचा कधी तोटा नसतो एवढंच. चहाबद्दल तो अजून बोललेला नाही. मी वाट बघतेय.

गूजबेरीचं मी बरोबर सांगितलं होतं. फळाइतकीच साखर.

कित्ता चुलीत घाल. माझे आशीर्वाद या वेळी माझ्या नावाने.

ब्रिजेट क्रिब


केंडल, ११ फेब्रुवारी १७७८

ति. ब्रिजेटताई हीस,

टॅबिथाचा सा. न. वि. वि. हे पत्र लिहिताना अक्षर वाकडं येतंय त्याला माझा अंगठा जबाबदार आहे.

न्यायसभेत माझं नाव पुकारलंच नाही. मिस्टर डॉकरेंनी तुझं प्रतिज्ञापत्र वाचून आधीच कागद निकाली काढले. एकोणतीस प्रती परत आल्या, दोन प्रतींवर सूपाचे डाग आहेत. त्यांच्या घरी कोणीतरी कृती करून पाहिली असावी. ब्रेथवेटने दारावरचा कागद काढला, पण माफी मागितली नाही. बाईसाहेबांकडूनही काही नाही. त्यांच्या नव्या कारभारणीने मात्र मागच्या दाराने एक प्रत विकत नेली.

गॉडबोल्डसाहेबांचं पत्र आलं. एवढा छोटा कागद त्यांनी आयुष्यात वापरला नसेल. लोक दुकानात येऊन त्या दोन बहिणींचं पुस्तक मागतात, म्हणून दुसरी आवृत्ती काढावी लागतेय म्हणे. मी तीन अटी घातल्या. पहिल्या आठशे सह्या कोणी केल्या ते तुझ्या नावानिशी छापायचं, यापुढच्या सह्या मी केंडलमध्ये करणार आणि बांधणी दाजींकडेच जाणार. पहिल्या दोन मानल्या, तिसरी नाही मानली. त्यावर भांडण चालू आहे. वीस नव्या कृती मी माझ्याकडे दाबून ठेवल्यात, त्याशिवाय पुस्तक ‘सुधारून वाढवलेलं’ कसं म्हणतील ते बघू.

फर्मे मागच्या सोमवारी आले. हजार आहेत. सगळं दुकान कागदांनी भरलंय, मांजर हाकलून हाकलून मी थकले. तू तीन दिवसांत आठशे कशा केल्यास ते देव जाणे. माझ्या पाच दिवसांत चारशे झाल्या आणि आता मी माझं नाव पाहिलं की चिडते. तुला शिव्या दिल्या होत्या त्यातल्या निम्म्या परत घेते.

पुन्हा घोळ नको म्हणून मी मिस्टर डॉकरेंना साक्षीला बोलावलं होतं. समोर बसून त्यांनी पन्नास सह्या पाहिल्या, तेवढ्यात मटणाचं सारण भरलेल्या दोन करंज्या संपवल्या. मग पहिला आणि पन्नासावा कागद उचलून शेजारी ठेवले, चष्मा पुसला आणि वैतागून म्हणाले की बाई, माझ्या डोळ्यांदेखत केल्यात म्हणून, नाहीतर या दोन सह्या एकाच बाईच्या आहेत असं मी शपथेवर सांगितलं नसतं. मी म्हटलं, पहिली करताना मी घाबरले होते. त्यांनी पन्नासावा कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला, त्यातला उघडा ‘ओ’ नीट पाहिला, आणि मग पुढचा फर्मा सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

दाजींनी चहाबद्दल बोलावं असं माझ्या वतीने सांग. आणि मे महिन्यात दोघंही इकडे या. लोभ उघडा ठेवला आहे, तो तसाच राहावा.

तुझी,
टॅबिथा ऑरेल